रेघेअलीकडचे दोन जावई

डोंगरावरून खाली पळायला अक्कल लागत नाही, असं घाटातल्या हॉटेलच्या मॅनेजरचं मत होतं, आणि त्या एका मतावर त्याने अख्खी शर्यत उभी केली. माथ्यावरच्या मनोऱ्यापासून निघायचं, घाटरस्त्याने उतरत उतरत खाली तळ्याच्या धक्क्यावर यायचं. एकवीस किलोमीटर, म्हणजे अर्धी मॅरेथॉन. चौकाचौकात फलक लागले: ‘पळण्याचं काम डोंगर करील, तुम्ही फक्त निसर्ग बघा.’ ते वाचून अशी अशी माणसं नाव नोंदवायला आली, की ज्यांना घरचा जिना उतरताना कठड्याबरोबर बायकोचाही आधार लागायचा.

वर जायला बस होती. म्हणजे चढायचे कष्ट इंजिनाने घ्यायचे, उतरायचे डोंगराने, आणि पदक तेवढं माणसाने गळ्यात घालायचं. इतकी सोयीची मर्दुमकी कुणाला नको असते?

आता या शर्यतीत मापसाहेबांचं बिऱ्हाड कसं अडकलं ते ऐका.

मापसाहेब म्हणजे वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. नोकरीत असताना ते बाजाराच्या तोंडाशी दिसले की पार टोकाच्या दुकानातला तराजू आपोआप समतोल व्हायचा. एका दुकानदाराचं मांजर तर त्यांना पाहून पोट आत ओढून घ्यायचं म्हणतात. मी मांजर पाहिलेलं नाही, पण ज्यांनी पाहिलं ते खोटं रचण्याइतके हुशार नाहीत. निवृत्त झाल्यावर साहेबांचा बाजार सुटला आणि घरं सापडली. लेकीकडे गेले की पिशवीतलं दूध मापात ओतून बघायचे. पडदा एका बाजूने बोटभर लांब आहे, हे नेमकं पाहुण्यांसमोर सांगायचे. थोरला जावई दातांचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात जाऊन साहेबांनी खुर्चीखाली पाणसळ लावली आणि खुर्ची डावीकडे कलते असं जाहीर केलं. खुर्चीत तोंड उघडून बसलेला पेशंट तोंड तसंच उघडं ठेवून उठला, तो परत आला नाही. धाकट्या जावयाचं ड्रायव्हिंग स्कूल. तिथल्या मैदानावर गाडी मागे घेण्याची पट्टी साहेबांनी टेपने मोजली आणि ती हातभर जास्त रुंद निघाली. म्हणजे त्या जावयाने शिकवलेले सगळे ड्रायव्हर हातभर कच्चे, असा निकाल त्यांनी शिष्यांसमोरच दिला.

साहेबांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते एकटेच सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. धक्क्यापासून एक उभी चढण वर जाते, तिच्या टोकाला ती क्वार्टर. खात्याला त्या जागेची आठवण झाली आणि नोटीस आली: इमारत पाडणार आहोत, महिनाअखेर घर रिकामं करा.

लेकी दोन. ताई डॉक्टरांच्या घरी, धाकटी ड्रायव्हिंगवाल्यांच्या. दोघींचं बापावर प्रेम होतं. इतकं होतं, की ते सगळंच्या सगळं दुसरीच्या वाट्याला यावं अशी दोघींची मनापासून इच्छा होती.

डॉक्टरांच्या जेवणाच्या टेबलाभोवती चौघं बसले. ताई म्हणाली, आमच्याकडे पुढच्या खोलीत दवाखाना, ड्रिलच्या आवाजाने बाबांची झोप होणार नाही. धाकटी म्हणाली, बाबा तर रेडिओ लावून झोपतात, त्यांना ड्रिलने छानच झोप लागेल. उलट आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या गुडघ्यांना जिना सोसायचा नाही. ताई म्हणाली, ते रोज ती चढण चढतात, त्यांचे गुडघे तुझ्या नवऱ्यापेक्षा धड आहेत. यावर ड्रायव्हिंगवाल्यांनी टेबलाखाली आपले गुडघे चाचपून पाहिले. मग ताईने धाकटीला आठवण करून दिली की लहानपणी बाबा तुलाच जास्त खांद्यावर घ्यायचे. धाकटी म्हणाली, म्हणून तर त्यांचा खांदा दुखतो, आणि खांद्याला डॉक्टर जवळ असलेला बरा. डॉक्टर म्हणाले, मी दातांचा आहे. असा बराच वेळ प्रेमाचा वर्षाव चालला. ज्याच्यावर तो चालला होता त्याला कुणी विचारलं नव्हतं, बोलावलंही नव्हतं.

शेवटी डॉक्टरांनीच तोडगा काढला. दोन्ही साडूंनी शर्यतीत नाव घातलेलं होतं.

“सरळ शर्यतीवर सोडू,” डॉक्टर म्हणाले. “जो मागे राहील, बाबा त्याचे.”

“आणि दोघं बरोबर आलात तर?” धाकटीने विचारलं.

“बरोबर? मी आणि हे?” डॉक्टर हसले. त्यांनी साडूच्या पोटाकडे असं पाहिलं, की ड्रायव्हिंगवाल्यांनी पुढची पोळी परत डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. डॉक्टरांचा सिद्धान्त होता की उतारावर टाचा रोवाव्यात. दर रविवारी ते बसने वर जायचे आणि टाचा आपटत खाली यायचे. धक्क्यांनी दात हलू नयेत म्हणून तोंडात रबराची कवळी घालायचे, त्यामुळे वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर नमस्काराऐवजी फुस्स असा आवाज यायचा. ड्रायव्हिंगवाल्यांचा सिद्धान्त याच्या बरोबर उलटा. जन्मभर शिष्यांना ते उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये घालू नका म्हणून ओरडत आले होते. आता स्वतःचं शरीर मात्र त्यांनी न्यूट्रलमध्ये घालायचं ठरवलं. पुढे झुकायचं, हातपाय सैल सोडायचे आणि पोटाच्या वजनाला मोकळीक द्यायची. त्यांच्या दृष्टीने पोट हेच इंजिन होतं. वर चढायचा सराव मात्र दोघांपैकी एकानेही केला नाही. उताराची शर्यत आहे, चढायचं कशाला?

आता त्या गावात एखादी गोष्ट गुप्त ठेवायची तर ती धुवायला टाकून चालत नाही. धाकटीने नवऱ्याचा ट्रॅकसूट लाँड्रीत दिला आणि देता देता, कुणाला सांगू नका हं, म्हणून सगळा करार इस्त्रीवाल्या बाईंना सांगितला. बाई एकट्याच लाँड्री चालवायच्या. जाडजूड, सावकाश बोलणाऱ्या. गावाचे खिसे तपासून तपासून त्यांना कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं.

आणि योग असा, की त्याच संध्याकाळी मापसाहेब लाँड्रीत आले. शर्ट घ्यायला नाही, खोली विचारायला. लाँड्रीच्या वर एक खोली रिकामी होती.

“खोली आहे,” बाई इस्त्री न थांबवता म्हणाल्या. “पण दोन लेकी गावात असताना तुम्हाला ठेवून घेतलं तर लोक मला नावं ठेवतील. आधी घरच्यांना विचारा. नाहीच म्हणाले तर या.”

साहेब म्हणाले, विचारायचं काय, न विचारताच न्यायला येतील. बाईंनी इस्त्री उभी केली आणि जे ऐकलं होतं ते जसंच्या तसं सांगून टाकलं. साहेब ऐकून घेत राहिले. काउंटरवरच्या शर्टाची कॉलर त्यांनी दोन्ही बाजूंनी बोटाने मोजली, सारखी आहे याची खात्री केली, आणि एवढंच विचारलं, की ही शर्यत नक्की संपते कुठे.

दुसऱ्या दिवशी ते हॉटेलवर हजर. मॅनेजरला म्हणाले, मी तुमचा रस्ता फुकट मोजून देतो. मॅनेजर हुरळला. एवढ्या मोठ्या निरीक्षकाचा दाखला मिळतोय म्हणजे सोन्याहून पिवळं! साहेबांनी दांड्याला लावलेलं मापाचं चाक घेतलं, बसने वर गेले आणि घाट चालत उतरले. खाली येऊन म्हणाले, शर्यत तोकडी आहे.

झालं होतं असं. मॅनेजरने रस्ता मोजला होता हॉटेलच्या जीपने, आणि जीपमध्ये सोबत फोटोग्राफर. वाटेत जिथे जिथे देखावा होता तिथे तिथे जीप रस्ता सोडून आत शिरली, कड्यापर्यंत गेली, फोटो झाला, परत फिरून रस्त्याला लागली. दरीचा देखावा, धबधब्याचा देखावा, दुरून आपलंच हॉटेल दिसण्याचा देखावा. जीपच्या काट्याने हे सगळं इमानदारीने रस्त्यात धरलं. पळणारी माणसं काही कड्यावर जाऊन परत येणार नव्हती. म्हणजे एकवीस किलोमीटरमधून निसर्ग वजा केला की शर्यत उघडी पडत होती.

मॅनेजर म्हणाला, जाऊ द्या हो साहेब, थोडं इकडेतिकडे चालायचंच.

“अर्धी मॅरेथॉन म्हणून विकताय ना?” साहेब म्हणाले. “मग अर्धी पूर्ण द्या.”

“पण धक्क्याच्या पुढे तळं आहे.”

“मग वळवा मागे. ती चढण आहे की. वर माझ्या फाटकापर्यंत नेलीत की माप बरोबर भरतं.”

मॅनेजरचा चेहरा उतरला. फलकांवर सगळा उतार म्हटलंय, असं तो कुरकुरला. साहेब म्हणाले, फलक मी मोजत नाही. ती चढण खरोखर नेमकी तेवढीच भरते का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण चाक साहेबांच्या हातात होतं. मॅनेजरने मग एक फळी रंगवून घेतली आणि धक्क्यावर ठोकली: ‘शेवटी किंचित चढ.’ पळणाऱ्यांना आधी सांगितलं तर निम्मे येणार नाहीत, म्हणून त्याने तोंडाला कुलूप लावलं.

शर्यतीच्या सकाळी मनोऱ्यापाशी धुकं होतं. मॅनेजरने माइकवरून निसर्गावर भाषण केलं. निसर्ग त्या वेळी हातभर अंतरापलीकडे दिसत नव्हता, पण भाषणाला त्याची काही अडचण झाली नाही. मग शिट्टी वाजली आणि डोंगराने आपलं काम सुरू केलं.

ते काम डोंगराने फार मन लावून केलं. पहिल्या वळणापर्यंत सगळे हसत होते. दुसऱ्यावर हसू थांबलं. तिसऱ्यावर लोकांच्या लक्षात आलं की आपण पळत नाही आहोत, आपल्याला पळवलं जातंय, आणि ब्रेक नावाची गोष्ट शरीरात देवाने कुठे बसवली आहे ते कुणालाच ठाऊक नाही. बँकेतल्या कॅशियरला हॉटेलजवळचं वळण घेता आलं नाही. तो सरळ बागेत, बागेतून पुढच्या दाराने आत, आणि स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडून पुन्हा रस्त्याला लागला, तेव्हा त्याच्या हातात सोललेलं उकडलेलं अंडं होतं आणि आधीपेक्षा तो सात जणांच्या पुढे होता. एका मास्तरांची टोपी त्यांच्याआधी पाण्याच्या टेबलापाशी पोहोचली. तिथल्या बाईंनी टोपीपुढे पेला धरला आणि शाबास म्हणाल्या. आणि तो सुंदर निसर्ग? धुकं विरल्यावर दोन्ही बाजूंनी दऱ्या उघडल्या, तळं चमकायला लागलं, पण वर बघेल कोण? प्रत्येकाची नजर आपल्या बुटांच्या टोकांवर. एवीतेवी बुटांचाच देखावा बघायचा होता, तर तो घरी पलंगाखालीसुद्धा मिळाला असता.

निसर्ग पाहिला तो एकट्या इस्त्रीवाल्या बाईंनी. त्यांनीही नाव घातलं होतं, पण त्यांनी फलकावरचं वाक्य शब्दशः घेतलं. त्या चालत होत्या. प्रत्येक देखाव्यापाशी रस्ता सोडून कड्यापर्यंत जायच्या, निवांत उभ्या राहायच्या, आणि परत यायच्या. जीपच्या काट्याने धरलेलं अंतर अख्ख्या शर्यतीत पूर्ण केलं ते त्यांनी.

इकडे साडूंची झुंज पेटली होती. डॉक्टर टाचा रोवत निघाले होते, पण प्रत्येक टाच आपटली की कवळी टाळूला जाऊन भिडायची. ड्रायव्हिंगवाले न्यूट्रलमध्ये होते. पोट पुढे, माणूस मागे. ते मागून सुसाट आले, आणि त्यांच्या शिष्यांनीच वाटेत ‘ब्रेक, सर, ब्रेक’ म्हणून त्यांचंच शिकवलेलं त्यांना परत केलं. एकदा हे पुढे, एकदा ते. डॉक्टरांना डोळ्यांपुढे आपल्या खुर्चीखाली लागलेली पाणसळ दिसत होती, ड्रायव्हिंगवाल्यांना दुधाच्या पिशवीशेजारी ठेवलेलं माप. भीतीसारखा दुसरा कोच नाही. धक्क्यावर दोघे पोहोचले ते सगळ्या गावाला मागे टाकून, खांद्याला खांदा लावून.

आणि तिथे ती फळी. किंचित चढ.

इतका वेळ उतरलेल्या पायांना चढ म्हणजे काय हेच आठवेना. मांड्या जड झाल्या, गुडघे वाकायचे विसरले. डॉक्टरांनी हाताने एक पाय उचलून पुढे ठेवला, मग दुसरा. ड्रायव्हिंगवाल्यांनी शेजारच्या कुंपणाचे गज धरून स्वतःला ओढायला सुरुवात केली. मागून लोकांचा लोंढा येऊन धक्क्यावर साठला आणि मॅनेजरच्या नावाने बोटं मोडू लागला. पण हे दोघे चढतच होते. तोंडातून कवळी काढून हातात घेतलेले डॉक्टर वीतभर पुढे होते.

चढणीच्या टोकाला फाटकासमोर फक्कीची पांढरी रेघ. रेघेपलीकडे आपल्या ट्रंकेवर मापसाहेब बसलेले. शेजारी वळकटी आणि दोरीने बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा. साहेबांनी दाढी गुळगुळीत केली होती आणि लाँड्रीतला कडक शर्ट घातला होता, जसा माणूस पाहुणा म्हणून जाताना घालतो. बाजूला दोन्ही लेकी नवऱ्यांची वाट बघत उभ्या, आणि मॅनेजर माइक घेऊन.

साडू रेघेपासून चारसहा पावलांवर आले तसे साहेब उठले.

“जावईबापू,” ते म्हणाले, “आजपासून मी तुमच्यापैकी एकाकडे राहायला येतोय. जो आधी ही रेघ ओलांडेल त्याच्याकडे. सामान बांधून ठेवलंय.”

आवाज चढवला नव्हता, पण मॅनेजरचा माइक चालू होता. सगळ्या चढणीने ऐकलं.

डॉक्टरांचा उचललेला पाय हवेतच राहिला. तो त्यांनी हळूच जिथून उचलला होता तिथेच परत ठेवला. ड्रायव्हिंगवाले त्यांच्या शेजारी येऊन असे थांबले, की आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा ब्रेक वेळेवर लागला. दोघांच्या डोक्यात एकच हिशेब. आधी जावं, तर सगळ्या गावादेखत बाबा आपले. मागून जावं, तर टेबलावरच्या कराराप्रमाणे बाबा आपलेच.

“या ना, तुम्ही व्हा पुढे,” डॉक्टर म्हणाले.

“छे छे. थोरले जावई तुम्ही. मान तुमचा.”

“मानाचं काय घेऊन बसलात साडूभाऊ? तुम्ही दमलाय. आधी तुम्ही.”

“मी? मी तर आत्ताशी कुठे गरम झालोय. तुमच्या तोंडाला फेस आलाय, आधी तुम्ही.”

लोक मागून येत होते आणि यांना वळसा घालून रेघ ओलांडत होते. कॅशियर आला, मास्तर आले, मास्तरांची टोपी आली. ताई नवऱ्याला डोळ्यांनी खुणावत होती की मागे सरका. धाकटी तोंडावर रुमाल धरून म्हणत होती, बसा खाली, पाय मुरगळला म्हणा. आणि मॅनेजरला या सगळ्यातला काही पत्ता नव्हता. त्याने माइक तोंडाजवळ नेला आणि जाहीर केलं, की बघा मंडळी, जिंकणं हातात असून एकमेकांना मान देणारे साडू, अशी नाती आता कुठे बघायला मिळतात! लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोग्राफरने दोघांना जरा हसायला सांगितलं. दोघे हसले. डॉक्टर दातांचे असूनही ते हसू फार वाईट निघालं.

मापसाहेब बघत होते. जन्मात त्यांनी कुणाला गुंजभर सूट दिली नव्हती. भलेभले दुकानदार रडले होते त्यांच्यापुढे, पण काटा म्हणजे काटा. तेच साहेब आता पुढे झाले. बुटाच्या तळव्याने त्यांनी रेघ पुसली, वाकून फक्कीची मूठ घेतली, आणि नवीन रेघ ओढली जावयांच्या अंगठ्यांपासून वीतभरावर. हात झटकून जरा बाजूला उभे राहिले, दार उघडून धरल्यासारखे.

टाळ्या थांबल्या होत्या.

दोघा जावयांनी रेघेकडे पाहिलं आणि एक एक पाऊल मागे घेतलं.

साहेबांनी ती रेघही पुसली. आणखी अलीकडे ओढली, अगदी बोटांना टेकवून. या वेळी ओढताना ती वाकडी आली. मापसाहेबांची रेघ वाकडी आलेली गावाने कधी पाहिली नव्हती. त्यांनी मान वर केली आणि आधी थोरल्याकडे, मग धाकट्याकडे पाहिलं.

दोघे पुन्हा मागे सरले.

पण उतारावर मागे सरणं हे पुढे पळण्याइतकं सोपं नसतं. थकलेल्या मांड्यांनी दुसऱ्या पावलावर जबाबदारी सोडली. तिसरं पाऊल आपोआप पडलं, चौथं जास्तच आपोआप. पाठ तळ्याकडे, तोंड सासऱ्यांकडे, अशा अवस्थेत दोन्ही जावई चढण उतरायला लागले. आधी चालल्यासारखे, मग पळाल्यासारखे, आणि मग पायांचा संबंधच उरला नाही. डॉक्टरांनी टाचा रोवून पाहिल्या, पण उलट्या दिशेने टाचा असतात कुठे? ड्रायव्हिंगवाले रिव्हर्स, रिव्हर्स म्हणून ओरडले, जणू गाडी दुसरंच कुणी चालवतंय. चढणीवरून वर येणाऱ्या इस्त्रीवाल्या बाई शांतपणे कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या आणि दोघांना जायला वाट दिली. धक्क्यावरच्या लोकांनीही दिली. त्यांच्यामागे फक्त तळं होतं. त्या दिवशी उताराचा सगळ्यात वेगवान तुकडा पळाले ते हे दोघे. खालचे लोक तर सांगतात की आवाज यांच्यामागून आला, पाणी आधी उडालं.

वर साहेब फक्कीने माखलेल्या आपल्या हातांकडे बघत होते.

“माप खोटं झालं,” ते मॅनेजरला म्हणाले. “रेघ मी हलवली. या शर्यतीला मी दाखला देत नाही.”

मॅनेजर रडकुंडीला आला. अहो साहेब, पदकं वाटून झाली, लोकांनी गळ्यात घालून फोटो काढले, आता काय सांगू? साहेब म्हणाले, खरं सांगा, वेळ लागत नाही. मग त्यांनी वळकटी उचलली.

इस्त्रीवाल्या बाई तोवर वर पोहोचल्या होत्या. शर्यत संपली का, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, संपली, पण धरता येणार नाही.

“नाही धरली तर नाही. मी डोंगर बघायला आले होते.”

“कसा आहे?”

“तुम्ही मोजलात ना अख्खा?”

“मोजला,” साहेब म्हणाले. “बघायचा राहिला.”

बाईंनी कमरेच्या पिशवीतून खोलीची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. अख्खा डोंगर त्यांनी ती बाळगली होती. मग पुस्तकांचा गठ्ठा ट्रंकेवर ठेवून तिची एक कडी त्यांनी धरली, एक साहेबांनी, आणि ट्रंक उचलली गेली.

आता मात्र दोन्ही लेकी धावल्या. धाकटीने वळकटी धरली, ताईने ट्रंक. फोटोग्राफर अजून तिथेच होता ना! ताई म्हणाली, बाबा, तुमची हक्काची माणसं असताना असं परक्याकडे? धाकटी म्हणाली, बाबा, लोक काय म्हणतील?

“लोकांना विचारून तुला कळवतो,” साहेब म्हणाले.

वळकटी सुटली, ट्रंकही सुटली, आणि ते दोघं घरांमधल्या पायवाटेने लाँड्रीकडे निघून गेले. बाई मध्येच थांबून काहीतरी दाखवत होत्या, साहेब मान वळवून बघत होते.

दोघी बहिणी धक्क्यावर आल्या तेव्हा त्यांचे नवरे तळ्यात छातीभर पाण्यात उभे होते. लागलं कुणालाच नव्हतं. नावाड्याने धक्क्याच्या पायऱ्यांपाशी हात पुढे करून ठेवला होता आणि तो कंटाळला होता. पायरी एका वेळी एकालाच पुरेल एवढी अरुंद. वर काय झालं याची या दोघांना काहीच कल्पना नव्हती. त्यांच्या लेखी सासरे अजून ट्रंकेवर बसलेले होते आणि जो आधी काठाला लागेल त्याच्याकडे यायचे होते.

“या, तुम्ही व्हा पुढे,” डॉक्टर पाण्यातून म्हणत होते.

“छे, छे,” ड्रायव्हिंगवाले म्हणत होते. “आधी तुम्ही.”

बाबा गेले, आता निघा बाहेर, एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं. ताईने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने ताईकडे. आणि दोघीही, आधी दुसरीने सांगावं म्हणून, काठावर गप्प उभ्या राहिल्या.